डीटीव्हीचा अर्ज वारंवार परत येतो तेव्हा: नाव, पत्ता, पैसा आणि पत्र कसे जुळवायचे

थायलंडच्या डेस्टिनेशन थायलंड व्हिसासाठी, म्हणजे डीटीव्हीसाठी, जळगाव-धुळे-नंदुरबारकडून जाणारे अर्ज अडकतात तेव्हा माणूस बहुधा पात्र असतो. पगार बरा असतो, काम खरोखर लॅपटॉपवरचे असते, पैसेही असतात. घोळ कागदांत असतो. पासपोर्टवर एक नाव, बँकेत दुसरे. कंपनीच्या पत्रात पुण्याचा पत्ता, आधारवर यावल तालुक्यातले गाव. खात्यात आठवड्यापूर्वी नऊ लाख एकदम आलेले, आणि ते कुठून आले याचा कुठेच उल्लेख नाही. अर्ज तपासणारा अधिकारी तुम्हाला फोन करून विचारत बसत नाही. त्याच्या पडद्यावर सहा-सात फाइली असतात आणि त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर 'आणखी कागद द्या' असा शेरा येतो, नाहीतर थेट नकार. नकार आला की भरलेले शुल्क परत मिळत नाही, म्हणून ही जुळवाजुळव अर्ज भरण्याआधीच करायची.

नियम थोडक्यात असे. डीटीव्ही १५ जुलै २०२४ पासून सुरू झाला. व्हिसा पाच वर्षांचा, ये-जा कितीही वेळा, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस. वय किमान २० पूर्ण हवे. खात्यात किमान ५,००,००० बाट (थायलंडचे चलन) इतकी रक्कम दाखवावी लागते. मूळ शुल्क १०,००० बाट, भारतात ते रुपयांत आकारले जाते. परदेशातल्या नोकरीवर किंवा परदेशी ग्राहकांच्या कामावर थायलंडमध्ये राहून काम करता येते; थाई कंपनीची नोकरी या व्हिसावर चालत नाही. अर्ज थायलंडच्या बाहेर असतानाच करायचा. आधी पर्यटक म्हणून बँकॉकला जाऊ, मग तिथूनच बदलून घेऊ, हा बेत अनेकांच्या डोक्यात असतो आणि तो फसतो.

अर्ज भलत्याच कार्यालयाकडे किंवा भलत्याच प्रकारात गेला

१ जानेवारी २०२५ पासून भारतात थाई व्हिसाचे अर्ज ऑनलाइन झाले. मुंबईची फेरी वाचली, पण एक नवी चूक सुरू झाली: अर्जात कार्यालय निवडताना लोक दिल्ली निवडतात, कारण दूतावास दिल्लीत आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मुंबईचे कॉन्सुलेट निवडायचे. जन्मगाव कुठले याला इथे महत्त्व नाही, सध्या कुठे राहता त्याला आहे. शिरपूरचा मुलगा बेंगळुरूत भाड्याने राहत असेल तर त्याने अर्जातल्या यादीत कर्नाटक ज्या कार्यालयाकडे आहे ते निवडावे आणि भाडेकरार जोडावा. मस्कतला किंवा दुबईला नोकरीवर असलेल्याने तिथल्या थाई कार्यालयाकडे, तिथल्या रहिवासी कार्डासह अर्ज करायचा. गावाकडच्या आधारवर मुंबईला अर्ज टाकायचा आणि स्वतः मस्कतमध्ये असायचे, ही विसंगती पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून लगेच दिसते.

व्हिसाचा प्रकार निवडताना डीटीव्ही आणि त्याच्या आत 'वर्केशन', म्हणजे तिथे राहून आपले ऑनलाइन काम करणे, हाच पर्याय घ्या. 'सॉफ्ट पॉवर' हा पर्याय मुए थाई (थाई मुष्टियुद्ध) शिकणे, थाई स्वयंपाकाचा वर्ग, वैद्यकीय उपचार अशा कारणांसाठी आहे आणि त्याला त्या संस्थेचे पत्र लागते. वर्केशनचे कागद सॉफ्ट पॉवरच्या अर्जाला जोडले तर कागद चांगले असूनही अर्ज अपुरा ठरतो. एकदा अर्ज दाखल होऊन पैसे भरले की प्रकार बदलता येत नाही. शेवटचे बटण दाबण्याआधी पहिल्या पानावर परत जाऊन प्रकार वाचून घ्या.

नाव जुळत नाही

आपल्याकडे हे सर्वांत जास्त होते. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात 'पाटील' आणि नावाच्या रकान्यात 'ज्ञानेश्वर सुरेश'. बँकेच्या खात्यावर 'पाटील डी. एस.' पगारपत्रकावर 'ज्ञानेश्वर पाटील', वडिलांचे नाव गायब. त्यात इंग्रजी स्पेलिंग: ज्ञानेश्वर कुणी 'डी-एन' ने सुरू करतो, कुणी 'जी' ने. चौधरी तर तीन-चार प्रकारे लिहिले जाते आणि एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन प्रकार सापडतात.

पासपोर्ट हा मूळ धरायचा. अर्जातले नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणे, आडनाव आडनावाच्या जागी. वेबसाइटने पासपोर्टचा फोटो वाचून रकाने आपोआप भरले असतील तर त्यावर विसंबू नका. पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींशी ताडून पाहा. पासपोर्ट नंबरात शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' यांची अदलाबदल झालेली असू शकते.

बाकीच्या कागदांपैकी जे बदलता येतात ते बदलून घ्या. बँकेत केवायसीचा अर्ज देऊन खात्यावरचे नाव पूर्ण करून घ्यायचे, पासपोर्ट आणि पॅनची प्रत जोडायची. हे शाखेतच होते, पण त्यानंतर निघणाऱ्या स्टेटमेंटवर नवे नाव छापून येतेय ना हे डोळ्यांनी पाहा. काही बँकांत मोबाइल ॲपवर नाव बदललेले दिसते आणि स्टेटमेंटवर जुनेच छापले जाते. कंपनीच्या पत्रावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव आणि पासपोर्ट नंबर दोन्ही टाकायला सांगा. नंबर असला की नावातला छोटा फरक अधिकाऱ्याला खटकत नाही. जो कागद बदलताच येत नाही, उदाहरणार्थ जुने पदवीपत्र, त्यासाठी 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून जोडा. पण बँक आणि पत्र दुरुस्त न करता सगळा भार प्रतिज्ञापत्रावर टाकू नका.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बहिणींचा प्रश्न वेगळा. पासपोर्ट माहेरच्या नावावर आणि बँक सासरच्या नावावर असेल तर आधी बँकेचे नाव पासपोर्टप्रमाणे करणे जवळचे पडते. पासपोर्टच बदलायचा असेल तर तो बदलून हातात येईपर्यंत व्हिसाचा अर्ज थांबवा, कारण व्हिसा पासपोर्टच्या नंबराला जोडलेला असतो.

पत्ता जुळत नाही

भुसावळ, यावल, चोपडा, शहादा या नावांची इंग्रजीत दोन-दोन स्पेलिंगे चालतात, धुळ्याची जुन्या कागदांवर 'धुलिया' अशीही आहे. एवढ्याने अर्ज नाकारला जाईल असे नाही, पण अर्जात एकच रूप सर्वत्र वापरा, आणि ते आधारवर आहे तेच ठेवा. गावाच्या पत्त्यात 'मु. पो., ता., जि.' हे इंग्रजीत लिहिताना लोक गाळतात किंवा पुढे-मागे करतात. पिन कोड मात्र तोच राहू द्या.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा इथे त्याआधी जन्मलेल्यांच्या जन्मदाखल्यावर 'जि. धुळे' असते, आधारवर 'जि. नंदुरबार'. अर्जात जन्मस्थान पासपोर्टवर छापले आहे तेच लिहायचे, मग ते जुने असो की नवे. पत्ता सध्याचा लिहायचा. कव्हर लेटरमध्ये एक ओळ टाका: 'हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे.' मुंबईच्या कॉन्सुलेटमधल्या थाई अधिकाऱ्याला आपल्या जिल्ह्याची फोड माहीत असण्याचे कारण नाही.

'सध्याचे ठिकाण' दाखवणारा कागद वेगळा मागतात. आधार गावचे आणि राहणे पुण्यात असेल तर नोंदणीकृत भाडेकरार किंवा स्वतःच्या नावाचे वीज-इंटरनेट बिल जोडा. घरून काम चालू असल्यामुळे गावीच राहत असाल तर आधार पुरेसे, पण मग कंपनीच्या पत्रातही 'सध्या जळगाव जिल्ह्यातून काम करतात' असे यायला हवे. पत्रात रोज पुण्याच्या ऑफिसात बसणारा माणूस आणि आधारवर रावेर, हे दोन्ही एका अर्जात बसत नाही.

पैसा आहे, पण दाखवता येत नाही

'पैसा शे, पन खातामा नही' ही आपल्याकडची खरी अडचण. घरात शेती आहे, सोने आहे, पतसंस्थेत ठेवी आहेत, वडिलांच्या खात्यात केळीचे पैसे आहेत. अधिकाऱ्याला मात्र अर्जदाराच्या स्वतःच्या नावावरची, लगेच काढता येईल अशी बँकेतली रक्कम पाहायची असते.

आधी रक्कम किती ते पाहू. ५,००,००० बाट म्हणजे किती रुपये हे दरावर अवलंबून. २०२४ च्या मध्यात एका बाटला साधारण सव्वादोन ते अडीच रुपये पडत, त्यानंतर बाट महागला. त्या वेळचे आकडे वाचून बारा लाख ठेवणारा आज कमी पडतो. अर्जाच्या दिवशीचा दर पाहा, पाच लाखांनी गुणा आणि त्यावर किमान दहा टक्के जास्त ठेवा. स्टेटमेंटच्या शेवटच्या दिवशीच नव्हे, मागच्या महिन्यांतही शिल्लक या रेषेखाली जाऊ देऊ नका. स्टेटमेंट सहा महिन्यांचे काढा. तीन महिन्यांचे मागितले असले तरी सहा दिल्याने बिघडत नाही. आणि ते ताजे हवे. महिनाभरापूर्वी काढून ठेवलेले स्टेटमेंट घालू नका.

आता कुठला पैसा चालतो. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेतले बचत खाते सर्वांत सोपे. नागरी सहकारी बँकही बँकच आहे, पण तिचे स्टेटमेंट इंग्रजीत, बँकेच्या शिक्क्यासह आणि व्यवस्थापकाच्या सहीसह घ्या. पतसंस्था ही बँक नाही. तिथली ठेव कितीही मोठी असली तरी तिच्यावर विसंबू नका. ती मोडून बँकेत आणायची असेल तर निदान सहा महिने आधी आणा. मुदत ठेव दाखवायची असेल तर 'केव्हाही मोडता येते' असे बँकेचे पत्र सोबत हवे. शेअर, म्युच्युअल फंड, सात-बारा हे आधाराला ठीक, पण पाच लाख बाटांची जागा ते घेत नाहीत. किसान क्रेडिट कार्डाचे खाते तर चुकूनही जोडू नका: ते कर्जखाते आहे, त्यात शिल्लक उणे दिसते. 'मर्यादा पाच लाख' हे अधिकाऱ्याला पैसे वाटत नाहीत, देणे वाटते.

वडिलांसोबतचे जोडखाते अर्धवट पुरावा ठरते. त्यातली रक्कम कोणाची, हे कळत नाही. स्वतःच्या एकट्याच्या खात्यात पैसे आणा, आणि आप्पांनी दिले असतील तर त्यांचे इंग्रजी बक्षीसपत्र, त्यांच्या खात्याचे स्टेटमेंट आणि नाते दाखवणारा कागद जोडा. प्रायोजकाच्या पत्रावरही काही अर्ज होतात; तरी कमावता माणूस स्वतःचा पैसा दाखवतो तेव्हा अर्ज स्वच्छ दिसतो.

सर्वांत जास्त शेरे येतात ते अचानक आलेल्या मोठ्या रकमेवर. रावेर-यावलच्या घरांत हे अगदी स्वाभाविक आहे: केळीचा माल कापला गेला की व्यापाऱ्याकडून आठ-दहा लाख एकाच आरटीजीएसने येतात, किंवा कापूस विकला की हप्ते येतात. स्टेटमेंटमध्ये मात्र एवढेच दिसते की अडीच लाखांचे खाते एका दिवसात बारा लाखांवर गेले. बाहेरच्या माणसाला ते उसने आणून दाखवलेले वाटते. त्या एका नोंदीसाठी असा पुरावा लावा: व्यापाऱ्याची किंवा अडत्याची हिशोबपट्टी, पीक नोंद असलेला सात-बारा, दोन्हींचे इंग्रजी भाषांतर, आणि आयकर विवरणपत्र भरत असाल तर शेती उत्पन्न दाखवलेला त्यातला तक्ता. शेती उत्पन्न आयकर कायद्याप्रमाणे करमुक्त असल्यामुळे बरेच जण ते विवरणपत्रात दाखवतच नाहीत. करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात ते दाखवायला जागा आहे, तिथे भरा. पुढच्या वर्षी हाच कागद उपयोगी पडतो. स्टेटमेंटच्या छापील प्रतीवर त्या नोंदीपुढे 'पाहा: जोड ४' असे टंकून द्या. अधिकाऱ्याला शोधायला लावू नका.

सोनेतारण काढून शिल्लक वाढवणे हा मार्ग जळगावात सुचणारच. कर्जाची नोंद स्टेटमेंटवर स्वच्छ दिसते आणि पुढच्या महिन्यापासून हप्ताही दिसतो. असा पैसा दाखवू नका. तितके महिने थांबून पगारातून साठवलेला पैसा दाखवणे बरे.

कंपनीचे पत्र

एचआर विभाग जे ठरावीक पत्र देतो त्यात 'हे आमच्याकडे अमुक तारखेपासून नोकरीस आहेत' एवढेच असते. डीटीव्हीला ते कमी पडते. पत्रात या गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात: तुमचे पासपोर्टप्रमाणे नाव आणि पासपोर्ट नंबर, पद, रुजू झाल्याची तारीख आणि नोकरी कायम आहे की कराराची, मासिक किंवा वार्षिक पगार, काम पूर्णपणे इंटरनेटवरून करता येते हे, थायलंडमध्ये राहून अमुक काळ काम करण्यास कंपनीची हरकत नाही हे, कंपनी कुठे नोंदलेली आहे आणि थायलंडमध्ये या कामासाठी कोणत्याही थाई संस्थेकडून मोबदला घेतला जाणार नाही हे. खाली सही करणाऱ्याचे नाव, पद, कंपनीचा ईमेल आणि फोन. लेटरहेड, तारीख, शिक्का. फुकटच्या ईमेल सेवेवरचा पत्ता असेल तर पत्राची किंमत कमी होते. कंपनीच्या डोमेनचा ईमेल असू द्या.

'हायब्रिड' हा शब्द पत्रात आला की अडचण होते. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यावे लागत असेल तर परदेशातून वर्षानुवर्षे काम कसे करणार, असा प्रश्न उभा राहतो. तुम्हाला तशी सूट मिळाली असेल तर ती लेखी घेऊन जोडा. मिळाली नसेल तर आधी ती मिळवा. व्हिसा आल्यावर साहेबांना सांगू, असे करू नका, कारण सही करणाऱ्याला कॉन्सुलेटचा फोन किंवा मेल जाऊ शकतो.

पगारपत्रकातला निव्वळ पगार, स्टेटमेंटमध्ये जमा झालेला पगार आणि पत्रातला पगार हे तिन्ही आकडे एकाच माणसाचे वाटले पाहिजेत. पत्रात एकूण पगार, खात्यात पीएफ-कर कापून आलेली रक्कम, त्यामुळे फरक असणारच. तीन महिन्यांची पगारपत्रके जोडली की तो फरक आपोआप समजतो. नोकरी बदलून दोन-तीन महिनेच झाले असतील तर जुन्या कंपनीचे कार्यमुक्ती पत्रही द्या.

स्वतंत्र काम करणाऱ्यांना पत्राऐवजी करार आणि कामाचे नमुने दाखवावे लागतात. इथे सर्वांत मोठा दोष म्हणजे करार एका नावाने आणि पैसे तिसऱ्याकडून. पेओनियर किंवा वाइज अशा परदेशातून पैसे आणणाऱ्या सेवांवरून पैसे आले की स्टेटमेंटवर ग्राहकाचे नाव दिसतच नाही. त्या सेवेतून व्यवहाराची पावती काढा, बँकेकडून परदेशातून आलेल्या रकमेची सूचना म्हणजे फिरा मागून घ्या, आणि इनव्हॉइस, पावती, बँकेची नोंद ही साखळी तीन-चार महिन्यांसाठी ओळीने लावा. परकीय रकमेवरचा उद्देश कोडही पाहा: सॉफ्टवेअर सल्ल्याच्या कामाला पी०८०२ लागतो. चुकून 'कौटुंबिक निर्वाह' असा कोड पडला असेल तर तुमची कमाई ही नातेवाइकाने पाठवलेली मदत दिसते. बँकेत लेखी अर्ज देऊन तो दुरुस्त करून घ्या.

आयकराच्या ४४एडीए कलमाखाली विवरणपत्र भरणाऱ्यांनी एक ओळीचा खुलासा द्यावा: या पद्धतीत एकूण मिळकतीच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते, म्हणून विवरणपत्रातला आकडा बँकेतल्या जमेपेक्षा कमी दिसतो. खुलासा नसेल तर लपवाछपवी केल्यासारखे वाटते. व्यवसायाची नोंद म्हणून उद्यम प्रमाणपत्र चालते. शॉप ॲक्टखाली दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यापासून परवान्याऐवजी सूचनेची पावती मिळते. ती मराठीत असेल तर भाषांतर लागेल.

फाइल उघडत नाही, वाचता येत नाही

बँकेचे ईमेलने आलेले स्टेटमेंट पासवर्डने बंद असते. नावाची चार अक्षरे आणि जन्मतारीख टाकून तुमच्याकडे उघडते, कॉन्सुलेटमध्ये उघडत नाही. ते 'प्रिंट' करून नव्याने पीडीएफ जतन केले की पासवर्ड जातो, पण बँकेची डिजिटल सहीही जाते. म्हणून शाखेत छापून प्रत्येक पानावर शिक्का घेतलेली प्रत स्कॅन करणे अधिक चांगले. शाखेने 'शिक्का शेवटच्या पानावरच' म्हटले तर पहिल्या पानावरही मागून घ्या.

सेवा केंद्रावर स्कॅन करताना फाइल लहान करायच्या नादात अक्षरे चिखल होतात. स्टेटमेंटसाठी काळ्या-करड्यात १५० डीपीआय पुरते, पासपोर्ट आणि फोटो रंगीत ३०० डीपीआय ठेवा. वेबसाइट प्रत्येक फाइलची मर्यादा सांगते. ती ओलांडली तर आधी रंग काढा, डीपीआय सर्वांत शेवटी कमी करा. मोबाइलच्या स्कॅन ॲपचा शिक्का कोपऱ्यात येऊ देऊ नका, त्याखाली आकडा लपतो. पासपोर्टचे चारही कोपरे आणि तळाच्या दोन ओळी पूर्ण दिसल्या पाहिजेत. फाइलचे नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, देवनागरी आणि चिन्हे टाळून. फोटो सहा महिन्यांच्या आतला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा. स्टुडिओवाल्याला चेहरा गोरा करू नका असे आधीच सांगा, ओळख पटत नाही म्हणून असे फोटो परत येतात.

गावाकडे वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, आणि वेबसाइटचे सत्र मध्येच संपते. सगळे कागद आधी एका फोल्डरमध्ये तयार ठेवा, अर्ज एका बैठकीत भरा आणि प्रत्येक पानानंतर जतन करा. खाते उघडल्यावरचा सक्रिय करण्याचा मेल स्पॅममध्ये शोधा.

जोडीदार आणि मुलांचे अर्ज

जोडीदार आणि २० वर्षांखालील मुले डीटीव्हीवर सोबत येऊ शकतात, पण प्रत्येकाचा अर्ज आणि शुल्क वेगळे. आधी मुख्य अर्ज मंजूर होऊ द्या, मग त्याची प्रत जोडून त्यांचे अर्ज करणे कमी धोक्याचे. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने हाताने मराठीत भरलेला विवाहाचा दाखला असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर करून नोटरी करा. मुलांच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी राहिलेली असते, ती नगरपालिकेत भरून घ्या. आणि आईचे नाव तिच्या पासपोर्टप्रमाणे आहे का पाहा, तिथे बहुतेकदा घरचे किंवा माहेरचे नाव निघते.

शेरा आला, आता काय

आणखी कागद मागितले तर त्याच अर्जात, मागितलेल्या जागी, मुदतीच्या आत चढवा. घाबरून दुसरा नवा अर्ज समांतर टाकू नका. दोन अर्जांत थोडाही फरक असला की दोन्ही संशयित होतात. मागितला असेल एक कागद तर पाच चढवू नका. पण एक पानाचे उत्तर जोडा: शेऱ्यातला मुद्दा, त्याचे स्पष्टीकरण, पुराव्याचा पान क्रमांक.

भारतातल्या अर्जांची प्रक्रिया शुल्क मिळाल्यापासून साधारण १४ दिवस, असे दूतावासाने जाहीर केले होते. हे दिवस अर्ज दाखल केल्यापासून मोजायचे नसतात, पैसे पोहोचल्यापासून मोजायचे. पैसे भरल्याचा पुरावा आणि त्यावरचा अर्ज क्रमांक नीट जपा. क्रमांक चुकला तर पैसे पोहोचूनही अर्ज 'शुल्क बाकी' मध्ये पडून राहतो. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची, सुट्टी, त्यात आपल्या सुट्ट्या; त्या काळात वाट पाहावीच लागते. मंजुरी हातात येईपर्यंत परत न मिळणारे तिकीट काढू नका.

थेट नकार आला असेल तर दुसऱ्याच दिवशी तेच कागद पुन्हा पाठवणे म्हणजे शुल्क वाया घालवणे. कारण पैशाचे असेल तर तीन ते सहा महिने शिल्लक टिकवा आणि मग करा. कारण पत्राचे असेल तर नवे पत्र आणि कव्हर लेटरमध्ये आधीच्या नकाराचा सरळ उल्लेख. अर्जात 'याआधी व्हिसा नाकारला का' असा प्रश्न आला तर खरेच उत्तर द्या.

एजंट आणि नोकरीची आमिषे

अर्जाची खरी वेबसाइट ती, जिच्या पत्त्याच्या शेवटी 'जी-ओ डॉट टी-एच' येते. शोधल्यावर वर दिसणाऱ्या जाहिराती खासगी असतात. एजंटची मदत घ्यायला हरकत नाही, पण लॉगिन तुमच्या ईमेलचे असावे, आणि त्याने 'पैसे आम्ही खात्यात दाखवतो' म्हटले की तिथून उठा. बनावट स्टेटमेंट पकडले गेले तर त्या पासपोर्टला पुढे प्रत्येक देशात उत्तर द्यावे लागते.

याहून गंभीर गोष्ट. 'थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी, डीटीव्हीवर पाठवतो' असे कोणी म्हणत असेल तर ती नोकरी नाही. डीटीव्हीवर थाई मालकाकडे काम करताच येत नाही. थायलंडमधल्या आयटी नोकरीच्या नावाखाली तरुणांना सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावड्डी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीला जुंपल्याचे प्रकार घडले आहेत, आणि परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. आपल्या भागातली मुले बारावी-डिप्लोमानंतर परदेशाच्या नावाला लवकर भुलतात. शेजारच्या घरात असा विषय निघाला तर हे नक्की सांगा.

मंजुरीनंतरच्या चुका

व्हिसाचा मेल आला की नाव, पासपोर्ट नंबर, प्रवेशांची संख्या आणि मुदत पाहा. चूक असेल तर निघण्याआधी कळवा. १ मे २०२५ पासून थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावे लागते, ते मोफत आहे. बँकॉकच्या काउंटरवर व्हिसाची छापील प्रत पुढे करा आणि शिक्क्यावरची तारीख तिथेच वाचा. भारतीय पासपोर्ट पाहून अधिकारी कधी पर्यटकाच्या कमी दिवसांचा शिक्का मारतो. काउंटर सोडण्याआधी दाखवले तर लगेच दुरुस्त होतो, नंतर इमिग्रेशन ऑफिसच्या फेऱ्या होतात.

घरमालकाने २४ तासांत टीएम ३० ची, म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडे राहत असल्याची, नोंद केली आहे का ते विचारा आणि त्याची प्रत मागून घ्या. सलग ९० दिवस राहिलात तर टीएम ४७ ची हजेरी, म्हणजे इमिग्रेशनला राहण्याचा पत्ता कळवणे, लागते. त्या प्रवेशाला मुदतवाढ हवी असेल तर टीएम ७ अर्ज आणि १,९०० बाट. एका कॅलेंडर वर्षात १८० किंवा जास्त दिवस झाले की थायलंड तुम्हाला कर-रहिवासी धरते आणि १ जानेवारी २०२४ पासून कमावून तिथे नेलेल्या परदेशी उत्पन्नाचा प्रश्न येतो. भारताकडे १८२ दिवसांचा हिशोब वेगळा चालतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ घ्यायला कर-रहिवासाचे प्रमाणपत्र लागते. म्हणून प्रवेश-निर्गमनाच्या तारखांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि थायलंडला जायच्या आधीच सीएचा सल्ला घ्या.